स्त्रीबीज गोठवताना थंडीत नेमकं काय घडतं? आणि आपल्या घरांनी कोणते प्रश्न विचारायला हवेत?

समजा, घरात सव्वीस वर्षांची मुलगी आहे. मंगनी झालेली आहे, निकाहची तारीख ठरायची आहे. छातीत गाठ हाताला लागते, तपासणी होते आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर येतो. डॉक्टर म्हणतात, "घाबरू नका, वेळेत आलात. पण केमोथेरपी लवकर सुरू करावी लागेल." अम्मी-अब्बूंच्या डोक्यात त्या क्षणी एकच विचार असतो, मुलगी वाचली पाहिजे. पुढे तिला मूल होईल का, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या ओठांवर येत नाही. तो येतो दोन-तीन वर्षांनी, मुलगी बरी होऊन संसाराला लागते तेव्हा. आणि तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

'एग फ्रीझिंग' हा शब्द आपल्यापर्यंत बहुतेकदा सिनेमा-टीव्हीतल्या कलाकारांच्या बातम्यांमधून पोहोचला. त्यामुळे 'हे श्रीमंतांचे चोचले' अशी समजूत पक्की झाली. २०१४ मध्ये फेसबुक आणि अॅपल या कंपन्यांनी महिला कर्मचाऱ्यांना यासाठी पैसे देण्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर वाद झाला. टोकियोच्या महानगर सरकारने २०२३ पासून स्त्रियांना यासाठी अनुदान सुरू केलं. उलट चीनमध्ये एका अविवाहित महिलेने बीजं गोठवण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं कोर्टात लढा दिला आणि २०२४ मध्ये तिचं शेवटचं अपीलही फेटाळलं गेलं. आपल्याकडेही मोठ्या शहरांत क्लिनिकच्या जाहिराती झळकू लागल्यात. 'आज गोठवा, उद्या निश्चिंत राहा' असा त्यांचा सूर असतो.

हा सूर कितपत खरा आहे? ते समजायचं असेल तर आधी थंडीत त्या इवल्याशा पेशीचं काय होतं, ते समजून घ्यावं लागेल.

थंड होणं वेगळं, गोठणं वेगळं

स्त्रीबीज ही माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी. मोठी म्हणजे किती? साधारण एक दशांश मिलिमीटर. नीट नजर असेल तर साध्या डोळ्यांना बारीक ठिपक्यासारखी जेमतेम दिसेल इतकी. या पेशीत पाणी भरपूर असतं आणि आकार गोल असल्यामुळे आतलं पाणी बाहेर पडायला पृष्ठभाग त्या मानाने कमी. गोठवण्याच्या कामात हीच मोठी अडचण ठरते. पुरुषबीज त्याहून कितीतरी लहान, त्यात पाणी अगदी कमी. म्हणून पुरुषबीज गोठवण्याचं तंत्र १९४९ च्या सुमारास ग्लिसरीनच्या मदतीने सापडलं, आणि स्त्रीबीजासाठी मात्र शास्त्रज्ञांना आणखी काही दशकं झगडावं लागलं.

आपल्याला वाटतं की नुकसान बर्फामुळे होतं. ते खरं आहे, पण अर्धंच. स्त्रीबीज गोठायच्या आधीच, नुसतं थंड झालं तरी त्रासात पडतं.

पिकलेल्या स्त्रीबीजात गुणसूत्रं, म्हणजे आई-वडिलांकडून आलेले गुण वाहून नेणारे धागे, एका नाजूक रचनेवर ओळीने मांडलेले असतात. या रचनेला स्पिंडल म्हणतात, कारण ती सूत कातायच्या चातीसारखी दिसते. ती बनलेली असते अतिशय बारीक नळ्यांची, आणि या नळ्या शरीराच्या ३७ अंश तापमानालाच नीट टिकतात. बीज साध्या खोलीच्या तापमानाला आणलं तरी काही मिनिटांत नळ्या सुटायला लागतात. परत ऊब मिळाली की पुष्कळदा त्या पुन्हा जुळतात, पण दर वेळी आणि अगदी होत्या तशाच जुळतील याची खात्री नसते. जुळताना एखादं गुणसूत्र जागेवरून सरकलं, तर पुढे गर्भ टिकत नाही किंवा दोष राहतो. म्हणून चांगल्या लॅबमध्ये बीज काढल्याबरोबर ते ऊबदार नळीत ठेवतात, सूक्ष्मदर्शकाची काचही गरम ठेवलेली असते.

थंडीचा दुसरा घाव बसतो पेशीच्या आवरणावर. हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं शून्य अंशाच्या जरा वर-खाली हे आवरणही थिजू लागतं. त्याची लवचीकता जाते, कुठे कुठे ते गळतं. तिसरा परिणाम बीजाच्या बाहेरच्या जाड कवचावर होतो. एक पुरुषबीज आत शिरलं की दुसऱ्याला अडवण्यासाठी हे कवच कडक होतं, ही अल्लाहने ठेवलेली मोठी सुंदर व्यवस्था. गोठवण्याच्या प्रक्रियेत मात्र हे कवच वेळेआधीच कडक होऊ शकतं आणि मग पुरुषबीजाला आत वाटच मिळत नाही. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी 'इक्सी' तंत्राने पहिल्या गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं. बारीक सुईने एकच पुरुषबीज थेट आत सोडायचं, हे ते तंत्र. त्यामुळे कवचाची अडचण सुटली. आज गोठवलेल्या बीजासाठी सगळीकडे साधारण हेच तंत्र वापरतात.

खडीसाखर आणि चिक्की

आता बर्फाकडे येऊ. कोथिंबीर किंवा टोमॅटो चुकून फ्रीझरमध्ये राहिला तर बाहेर काढल्यावर तो लिबलिबीत होतो, पाणी सुटतं. कारण आत बर्फाचे अणकुचीदार कण तयार होऊन त्यांनी पेशी फाडलेल्या असतात. स्त्रीबीजात असा एखादा कण झाला तरी खेळ संपला.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली पहिली वाट म्हणजे हळूहळू गोठवणं. बीजाभोवती गोठणरोधक द्रव्य ठेवायचं आणि मिनिटाला अंशाचा अगदी छोटा भाग इतक्या धीम्या गतीने तापमान खाली न्यायचं. बाहेरच्या पाण्याचा आधी बर्फ होतो, त्यामुळे उरलेला द्रव दाट होतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी आकसते, आतला बर्फ टळतो. मग तिला उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचं. कागदावर हे छान वाटतं. पण या सगळ्यात बीज बराच वेळ नेमक्या त्या धोक्याच्या थंडीत राहतं, जिथे आवरण थिजतं आणि स्पिंडल सुटतो. शिवाय इतक्या मोठ्या पेशीतून सगळं पाणी वेळेत बाहेर पडतच नाही. त्यामुळे वितळवल्यावर बरीच बीजं दगावायची.

दुसरी वाट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. साखरेचा पाक निवांत, हळूहळू मुरू दिला तर त्यात स्फटिक धरतात आणि खडीसाखर होते. तोच पाक दाट करून झटकन गार केला तर कडक, पारदर्शक, काचेसारखी चकती होते, चिक्कीच्या पाकासारखी. साखर तीच असते, पण स्फटिक धरायला तिला वेळच मिळालेला नसतो. स्त्रीबीजाच्या बाबतीत हेच केलं गेलं. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात, म्हणजे काचीकरण.

एथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ आणि साखर यांच्या दाट द्रावणात बीज थोडा वेळ ठेवतात. पाणी बाहेर जातं, द्रव्य आत येतं. मग अत्यंत पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर, एका मायक्रोलिटरच्या दशांशाहून कमी थेंबात बीज ठेवून पट्टी सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. तापमान खाली येण्याचा वेग मिनिटाला वीस हजार अंशांच्याही वर जातो. बर्फ धरायला वेळ मिळत नाही. थंडीचा जो टप्पा आवरणाला आणि स्पिंडलला घातक, तो क्षणार्धात ओलांडला जातो.

यालाही किंमत आहेच. ही दाट द्रव्यं पेशीसाठी विषारी असतात. म्हणून वेळ सेकंदांत मोजावा लागतो, हात सरावाचा लागतो. परत ऊब देतानाही तोच वेग लागतो. वितळणं हळू झालं, तर जाताना न धरलेला बर्फ येताना धरतो. मग द्रव्य टप्प्याटप्प्याने धुऊन काढायचं, नाहीतर पाणी एकदम आत शिरून पेशी फुगून फुटते. स्पिंडल पुन्हा जुळायला दोन-तीन तास द्यायचे आणि मगच इक्सी करायची. म्हणजे यंत्र सगळीकडे सारखं असलं तरी निकाल सारखा नसतो. तो लॅबमधल्या माणसाच्या हातावर बराच अवलंबून असतो, ही गोष्ट जाहिरातीत कधी लिहिलेली नसते.

अॅडलेड, कोलकाता, मुंबई

या तंत्राच्या इतिहासात आपल्या देशाचं पान आहे, आणि ते दुःखद आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये 'दुर्गा' नावाच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्माची माहिती दिली. भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांची हेटाळणी झाली. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या कामाची दखल घेतली गेली ती १९९७ नंतर, डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणं वाचून जाहीरपणे श्रेय दिलं तेव्हा.

गोठवलेल्या स्त्रीबीजापासून जगातला पहिला जन्म १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये झाला, डॉ. ख्रिस्तोफर चेन यांच्या हातून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, शास्त्रीय नोंदींसह मान्य झालेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

पण अॅडलेडनंतर कितीतरी वर्षं स्त्रीबीज गोठवण्याची गाडी रखडली. यश इतकं तुरळक होतं की क्लिनिक बीजाऐवजी भ्रूणच गोठवत. काचीकरण केलेल्या मानवी बीजापासून पहिला जन्म १९९९ मध्ये नोंदला गेला, आणि २००५ च्या सुमारास जपानच्या डॉ. मासाशिगे कुवायामा यांची पातळ पट्टीची पद्धत जगभर पोहोचली तेव्हा चित्र बदललं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या प्रजननवैद्यक संघटनेने या उपचारावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. मुंबईत माजी मिस वर्ल्ड डायना हेडन यांना २०१६ मध्ये मुलगी झाली ती आठ वर्षांपूर्वी गोठवलेल्या बीजापासून. ही बातमी तेव्हा घराघरांत वाचली गेली.

अशा बीजांपासून जन्मलेल्या मुलांच्या आतापर्यंतच्या पाहणीत जन्मजात दोषांचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. ही दिलाशाची बाब आहे.

फ्रीझर वय थांबवतो, मागे नेत नाही

उणे १९६ अंशांना पेशीतली सगळी हालचाल थांबते. दोन वर्षं ठेवलं काय नि दहा वर्षं ठेवलं काय, बीजाला फरक पडत नाही. फरक पडतो तो गोठवलं त्या दिवशी बाईचं वय किती होतं याने.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. वयाबरोबर संख्या घटते, त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुणसूत्रांच्या चुका वाढतात. पस्तिशीनंतर ही घसरण वेग घेते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिती पद्धतीने अंदाज मांडला: किमान एक बाळ होण्याची शक्यता ७५ टक्के हवी असेल तर ३४ व्या वर्षी साधारण १० बीजं गोठवावी लागतील, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१. एका खेपेला मिळणारी बीजं बहुतेकदा दहा-पंधराच्या आसपास, चाळिशीत त्याहून कितीतरी कमी. म्हणजे चाळीस ओलांडलेल्या बाईला 'अजून वेळ गेलेली नाही' म्हणून फ्रीझिंगचं पॅकेज विकणं हे सरळ सरळ फसवण्यासारखं आहे.

आणि ७५ टक्के म्हणजे चारपैकी एकीला तरीही बाळ होणार नाही. याला 'विमा' म्हणणं चुकीचं. विम्यात हप्ता भरला की रक्कम ठरलेली असते. इथे हाती येते ती एक संधी. गोठवलेलं प्रत्येक बीज वितळल्यावर जगत नाही, जगलेलं प्रत्येक बीज फळत नाही, फळलेला प्रत्येक भ्रूण रुजत नाही.

खर्चही पाहा. मोठ्या शहरांत एका खेपेचा खर्च औषधांसह लाख-दोन लाखांच्या घरात जातो, साठवणुकीचं वार्षिक भाडं वेगळं, आणि पुढे वितळवून इक्सी करायचा खर्च पुन्हा वेगळा. आपल्या समाजातल्या किती घरांना हे झेपणार? म्हणून निव्वळ 'लग्न लांबतंय' या काळजीपोटी कर्ज काढून या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा. ज्यांच्यासाठी हे तंत्र खरोखर वरदान आहे ती माणसं वेगळी आहेत.

कॅन्सर आणि ते दोन आठवडे

केमोथेरपीची काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइडच्या गटातली, अंडाशयातला बीजांचा साठा जाळून टाकतात. ओटीपोटावर रेडिएशन दिलं तरी तेच. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो. म्हणजे ज्यांचं लग्न-मूल अजून व्हायचंय अशा मुली त्यात जास्त. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात एक दिवस उभं राहिलं तरी किती तरुण चेहरे दिसतात, हे जाऊन आलेल्यांना माहीत आहे.

अशा मुलीची बीजं केमो सुरू होण्याआधी काढून ठेवता येतात. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागायची, आता कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात आणि साधारण दोन आठवड्यांत काम होतं. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये लेट्रोझोल हे औषध सोबत देऊन इस्ट्रोजेनची पातळी खाली ठेवतात. हे दोन आठवडे मिळतील की नाही, हे कॅन्सरचा डॉक्टरच सांगू शकतो. ल्युकेमियासारख्या काही आजारांत तितकाही वेळ नसतो. अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ पासूनच सांगून ठेवलंय की उपचार सुरू करण्याआधी रुग्णाशी हा विषय बोललाच पाहिजे. आपल्याकडे ओपीडीतल्या गर्दीत तो राहून जातो. डॉक्टर विसरतात, आणि आपण संकोचाने विचारत नाही.

संकोचाचं आणखी एक कारण आहे, त्यावर मोकळेपणाने बोललं पाहिजे. बीजं काढायची नेहमीची वाट योनिमार्गातून असते, गुंगी देऊन, सोनोग्राफीच्या मदतीने. अविवाहित मुलीच्या घरच्यांना हे पटत नाही आणि तिथेच विषय संपतो. पण पोटावरून काढण्याचा मार्गही काही रुग्णांत वापरता येतो. दुसरा पर्याय आहे अंडाशयाचा छोटा तुकडा दुर्बिणीने काढून गोठवण्याचा. अशा ऊतीपासून पहिला जन्म २००४ मध्ये बेल्जियममध्ये नोंदला गेला. वयात न आलेल्या मुलींसाठी तर हाच एक मार्ग, कारण त्यांची बीजं पिकलेली नसतात. गंमत अशी की अंडाशयाच्या तुकड्यासाठी आजही जुनी, हळू गोठवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, कारण त्यातली कच्ची बीजं लहान असतात, त्यांच्यात स्पिंडल तयार झालेला नसतो, म्हणून थंडी त्यांना तितकी बाधत नाही. मात्र ल्युकेमियासारख्या आजारात त्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी लपलेल्या असू शकतात, म्हणून तो परत बसवणं धोक्याचं.

आणि मुलांचं काय? वयात आलेल्या मुलाला किंवा तरुणाला केमो द्यायची असेल तर पुरुषबीज गोठवणं एका दिवसाचं, तुलनेने स्वस्त काम आहे. तेसुद्धा केवळ लाजेपोटी राहून जातं.

शरीयतच्या चौकटीत

आपल्या घरांत पहिला प्रश्न हाच येतो: हे जायज आहे का?

टेस्ट ट्यूब बेबीबाबत इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी १९८० मध्येच फतवा दिला होता: पती-पत्नीमध्ये, निकाह कायम असताना, उपचार म्हणून परवानगी. तिसऱ्या कुणाचं बीज किंवा गर्भाशय नको, कारण नसबमध्ये, म्हणजे वंशाच्या ओळखीत, भेसळ होते. जगभरच्या सुन्नी उलेमांची भूमिका साधारण याच रेषेवर आहे. शिया फिक्हमध्ये, विशेषतः इराणमध्ये, दात्याच्या बीजाबाबत काही वेगळी मतं आहेत.

बीजं गोठवण्याबाबत इजिप्तच्या दार अल-इफ्ताने २०१९ मध्ये चार अटींसह परवानगी असल्याचं सांगितलं. बीजाचा संयोग निकाहमध्ये असलेल्या पतीच्याच बीजाशी व्हावा. साठवणुकीत अदलाबदल होणार नाही अशी कडक व्यवस्था असावी. भ्रूण त्याच स्त्रीच्या गर्भाशयात ठेवावा, दुसऱ्या बाईच्या नाही. आणि गोठवण्यामुळे बाळाला अपाय होऊ नये. काही उलेमा याहून सावध आहेत. ते आजारपणासारख्या खऱ्या गरजेतच परवानगी देतात, निव्वळ लग्न पुढे ढकलण्यासाठी नाही. आपापल्या मसलकच्या मुफ्तींना विचारूनच निर्णय घ्यावा, पण विचारताना प्रश्न नेमका मांडावा: आजार कोणता, बीज की भ्रूण, लग्न झालंय की नाही.

बीज की भ्रूण, हा फरक मोठा आहे. १९९० मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने एका ठरावात म्हटलं होतं की संयोग न झालेली बीजं जपून ठेवणं आता शक्य झालंय, तेव्हा दर वेळी गरजेपुरतीच बीजं फलित करावीत, म्हणजे जास्तीचे भ्रूण उरणारच नाहीत. त्या काळी क्लिनिकमध्ये नेमकं उलट चालायचं. भ्रूण थंडी सोसायचा, बीज सोसत नसे, म्हणून डॉक्टर जास्तीचे भ्रूण करून गोठवत. अकादमीने सुचवलेली वाट प्रत्यक्षात चालण्याजोगी झाली ती काचीकरण आल्यावर, म्हणजे पंधराएक वर्षांनी. भ्रूण गोठवला आणि उद्या तलाक झाला किंवा पतीचं निधन झालं, तर पुढचा प्रश्न फार अवघड होतो. बीज मात्र फक्त त्या स्त्रीचंच असतं. पुढे ज्याच्याशी निकाह असेल त्याच्याशीच त्याचा संबंध येतो. अविवाहित मुलीसाठी तर भ्रूणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

टाकी, नळी आणि कायदा

अदलाबदलीची भीती नुसती मनातली नाही. आणि टाकीची भीतीही नाही. ४ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी दोन शहरांत, क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, साठवणुकीच्या टाक्या बिघडल्या. एकट्या क्लीव्हलँडमध्ये चार हजारांहून अधिक बीजं आणि भ्रूण निकामी झाले. तिथे दूरवर इशारा देणारी यंत्रणाच बंद होती, हे नंतर उघड झालं. त्यातल्या काही स्त्रिया कॅन्सरमधून वाचलेल्या होत्या. त्यांना पुन्हा बीजं देता येणार नव्हती.

आपल्या देशात सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. प्रत्येक क्लिनिक आणि बँकेची नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. लेखी संमतीशिवाय काहीही करता येत नाही. बीजांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दात्याची बीजं आणि भ्रूण यांच्या साठवणुकीसाठी दहा वर्षांची मर्यादा आहे. स्वतःसाठी ठेवलेल्या बीजांची मुदत, भाडं थकलं तर काय, मृत्यू झाला तर काय, हे सगळं संमतीपत्रात येतं. ते इंग्रजीत असतं, बारीक अक्षरात असतं, आणि आपण घाईत सही करून मोकळे होतो. ते मराठीत किंवा उर्दूत समजावून मागणं हा आपला हक्क आहे. तुलनेसाठी सांगायचं तर ब्रिटनने २०२२ मध्ये ही मुदत, दर दहा वर्षांनी संमती नव्याने घेण्याच्या अटीवर, ५५ वर्षांपर्यंत वाढवली.

जाण्याआधी विचारा

डॉक्टरकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. क्लिनिकची नोंदणी आहे का, प्रमाणपत्र कुठे आहे? तुमच्याच लॅबमध्ये गोठवलेल्या बीजांपैकी वितळवल्यावर किती जगली, आणि त्यातून किती बाळं झाली? (परदेशातले आकडे नकोत, तुमचे सांगा.) माझ्या वयाला, माझ्या तपासणीनुसार किती बीजं अपेक्षित आहेत? नळीवर नाव कसं लिहिता, दोन माणसं तपासतात का? टाकीची पातळी कोण बघतं, रात्री-सुट्टीच्या दिवशी अलार्म कुणाच्या फोनवर जातो? सगळी बीजं एकाच टाकीत ठेवता की दोन ठिकाणी? सगळा मिळून खर्च किती, दहा वर्षांचं भाडं धरून? महिला डॉक्टर मिळेल का?

जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, तिथून उठून यावं. जो शांतपणे उत्तर देतो आणि गरज नसेल तर 'तुम्हाला याची गरज नाही' असंही सांगतो, त्याच्यावर भरोसा ठेवावा.

औलाद देणारा अल्लाह आहे, यावर आपला ईमान आहे. इलाज करणं हे त्या ईमानाच्या विरोधात नाही, हेही आपण जाणतो. निरोगी तरुण मुलींना भीती घालून फ्रीझरकडे ढकलू नये. पण ज्या मुलीच्या समोर केमोची तारीख उभी आहे, तिच्या वतीने तो एक प्रश्न विचारायला विसरू नये: "डॉक्टरसाहेब, उपचार सुरू करण्याआधी हिच्या पुढच्या संसाराचा काही विचार करता येईल का?" तिच्या अंगी त्या दिवशी हा प्रश्न विचारायचं बळ नसतं. ते घरच्यांनी विचारायचं असतं.